मुलाच्या बद्धकोष्ठतेचे औषध पोटातल्या जिवाणूंचे काय करते?

कोपरखैरण्यातल्या माझ्या औषधांच्या दुकानात गेल्या पावसाळ्यात एक आई अर्धवट वापरलेला पुड्यांचा खोका परत घेऊन आली. पाच वर्षांच्या मुलाला मॅक्रोगॉलची पूड तीन महिने द्यावी, असे डॉक्टरांनी लिहून दिले होते आणि तिने ती सोळाव्या दिवशी बंद केली होती. "मॅडम, हे रोज दिलं की पोटातले चांगले जंतू धुऊन जातात म्हणे, आणि मग औषधाशिवाय पोट साफच होत नाही. खरं आहे का हो?" असे तिने विचारले. तिचा मुलगा या वेळी काउंटरच्या काचेला टेकून, एका पायावर दुसरा पाय आवळून, टाचा उचलून ताठ उभा होता आणि त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. "बघा, जोर लावतोय, पण होत नाही," असे ती म्हणाली. मुलगा जोर लावत नव्हता, तो शी दाबून धरत होता. या दोन गोष्टींतला फरक आणि तिच्या प्रश्नाचे उत्तर यांचा परस्परांशी जवळचा संबंध आहे, म्हणून हा लेख थोडा सविस्तर लिहीत आहे.

आधी एका शब्दाचा घोळ निस्तरला पाहिजे. आपल्याकडे 'जंत' आणि 'जंतू' हे शब्द बोलण्यात इतके जवळ येतात की निम्मे पालक एकाच्या जागी दुसरा धरून चालतात. जंत म्हणजे आतड्यातल्या कृमी, ज्यांच्यासाठी शाळेत अल्बेन्डाझोलची गोळी देतात. या लेखातले जंतू म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जिवाणू होत. बद्धकोष्ठतेवरची नेहमीची औषधे जंतांवर चालत नाहीत आणि जिवाणूंना मारण्यासाठीही बनवलेली नाहीत. जिवाणूंना खरोखर मारणारे औषध म्हणजे अँटिबायोटिक, आणि ते मात्र साध्या सर्दीसाठीही चिठ्ठीशिवाय मागणारे पालक मी रोज पाहते, याची मला गंमतही वाटते आणि काळजीही.

मोठ्या आतड्याचे काम वरवर पाहता सोपे आहे. लहान आतड्यातून पुढे आलेला पातळ ऐवज हळूहळू सरकत असताना त्यातले पाणी आणि क्षार शोषून घ्यायचे, आणि उरलेले बाहेर टाकण्याजोगे घट्ट करायचे. पण हे काम रिकाम्या नळीत चालत नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात स्वतःच्या जेवढ्या पेशी असतात, जवळपास तेवढेच जिवाणू असतात आणि त्यातले बहुसंख्य मोठ्या आतड्यात राहतात. मळातले पाणी वगळले तर उरलेल्या घन भागाचा पाव ते निम्मा हिस्सा जिवाणूंचाच असतो. आपल्याला न पचलेले धान्याचे कोंडे, भाज्यांचे तंतू, कडधान्यांतल्या काही शर्करा हे त्यांचे अन्न. ते आंबवून हे जिवाणू अ‍ॅसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक यांसारखी आम्ले तयार करतात, आणि त्यातले ब्युटिरिक आम्ल आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचे मुख्य इंधन असते. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या पोटात बिफिडोबॅक्टेरिया या गटाचे वर्चस्व असते; पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आंरी तिसिए यांनी १८९९ साली तो अशाच बाळांच्या मळातून वेगळा काढला. वरचे अन्न सुरू झाले की वस्ती बदलू लागते आणि साधारण तीन वर्षांच्या सुमारास तिची ठेवण मोठ्या माणसासारखी होते. म्हणजे मुलांमधली बद्धकोष्ठता जेव्हा बहुधा सुरू होते, वरचे अन्न, शी सांगायची शिकवणी आणि शाळेचा पहिला दिवस या काळात, नेमकी तेव्हाच ही वस्तीही बसत असते. त्यामुळे पालकांच्या मनात शंका येणे चूक म्हणता येणार नाही.

आता त्या वस्तीत कोण टिकणार हे कशावर ठरते ते पाहू. आमच्या इमारतीत राहणारे एक गृहस्थ महापालिकेच्या मलप्रक्रिया केंद्रात नोकरीला होते. त्यांनी एकदा मला समजावले होते की केंद्रातल्या टाकीत मैला कुजवणारे जिवाणू बाहेरून आणून सोडावे लागत नाहीत. गाळ टाकीत किती दिवस ठेवायचा एवढे नीट सांभाळले की हवे ते जिवाणू आपोआप वाढतात. गाळ लवकर उपसला तर भराभर वाढणारे जिवाणू टिकतात आणि अमोनियावर काम करणारे सावकाश वाढणारे जिवाणू वाहून जातात. गाळ जास्त दिवस ठेवला तर सावकाश वाढणाऱ्यांनाही जम बसवायला वेळ मिळतो. मोठ्या आतड्याची गोष्ट हीच आहे. तिथे औषधाच्या नावापेक्षा, ऐवज किती तास किंवा किती दिवस तिथे पडून राहतो, याला फार महत्त्व आहे.

मूल चार-पाच दिवस शी दाबून ठेवते तेव्हा आत काय घडते? जिवाणूंचा आवडता खाऊ, म्हणजे तंतू आणि शर्करा, पहिल्या टप्प्यातच संपतो. ऐवज मात्र पुढे सरकत नाही. मग जिवाणू प्रथिनांकडे वळतात आणि त्यातून अमोनिया, फिनॉलच्या जातीची द्रव्ये आणि दुर्गंधीयुक्त वायू तयार होतात. अशा मुलांच्या अपानवायूला जो उग्र वास येतो त्याचे हे एक कारण आहे. मिथेन तयार करणाऱ्या, सावकाश वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनाही अशा साचलेल्या आतड्यात जागा मिळते, आणि मिथेन वायू स्वतःच आतड्याची हालचाल आणखी मंदावतो, असे प्रौढांच्या अभ्यासांत आढळले आहे. दरम्यान पाणी शोषले जातच राहते आणि मळाचे खडे होतात.

मळाच्या घट्टपणाची मोजणी करायला ब्रिस्टलच्या संशोधकांनी १९९७ साली सात प्रकारांची एक चित्रपट्टी रूढ केली. क्रमांक १ म्हणजे सुटे कडक खडे, ३ आणि ४ म्हणजे व्यवस्थित, ७ म्हणजे निव्वळ पाणी. २०१६ साली बेल्जियममध्ये ५३ निरोगी स्त्रियांच्या मळाची तपासणी झाली, तेव्हा जिवाणूंची विविधता आणि प्रकार यांचा या क्रमांकाशी दाट संबंध दिसला. या निष्कर्षाने बऱ्याच जुन्या संशोधनाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. बद्धकोष्ठता असलेल्या मुलांच्या आणि निरोगी मुलांच्या जिवाणूंत फरक दिसतो खरा, परंतु तो फरक आजाराचे कारण आहे की मळ साचून राहिल्याचा परिणाम आहे, हे एका नमुन्यावरून सांगता येत नाही. शिवाय वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत वाढलेल्या आणि घटलेल्या जिवाणूंच्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. दुसरी बाजूही आहेच. ज्या उंदरांना जन्मापासून पूर्ण जंतुविरहित वातावरणात वाढवले जाते त्यांची आतडी मंद चालतात आणि त्यांना जिवाणू दिले की वेग वाढतो. म्हणजे प्रवाह वस्ती ठरवतो आणि वस्ती थोडाफार प्रवाह ठरवते. हल्ली घरी नमुना घेऊन मायक्रोबायोमचा, म्हणजे आतड्यातल्या सूक्ष्मजीवांच्या वस्तीचा, रंगीत अहवाल देणाऱ्या महागड्या चाचण्यांविषयी विचारणा होते. बद्धकोष्ठतेच्या मुलासाठी त्यावर पैसे खर्च करू नयेत असेच मी सांगते, कारण त्या अहवालात दिसणारे बरेचसे म्हणजे मळ किती दिवस साचला होता याचाच पुरावा असतो, आणि तो तर आईला आधीच ठाऊक असतो.

बहुसंख्य मुलांमध्ये बद्धकोष्ठतेची सुरुवात जिवाणूंपासून होत नाही, ती एका दुखऱ्या शीपासून होते. प्रवास, ताप, कमी पाणी किंवा शाळेतल्या शौचालयाची किळस, अशा कोणत्याही कारणाने एकदा मळ घट्ट होतो, बाहेर येताना गुदद्वाराला चीर पडते, आणि मूल पुढच्या वेळी ठरवून आवळून धरते. माझ्या काउंटरपाशी टाचा उचलून उभा असलेला मुलगा तेच करत होता. धरलेला मळ अधिक घट्ट होतो, पुढची शी अधिक दुखते, गुदाशय ताणला जातो आणि ताणलेल्या गुदाशयाला भरल्याची जाणीवच कमी होते. पुढे साचलेल्या गोळ्याच्या कडेने पातळ मळ पाझरून चड्डी खराब होऊ लागते आणि घरचे त्याला जुलाब समजून औषध बंद करतात. सोळा दिवसांनी खोका का परत आला हे विचारल्यावर कळले की इथेही असेच झाले होते. चड्डीला डाग दिसले, त्याच आठवड्यात मोबाइलवर 'चांगले जंतू धुऊन जातात' हा संदेश आला आणि दोन्हींची सांगड घातली गेली.

आता औषधांकडे येऊ. मॅक्रोगॉल, म्हणजेच पॉलिएथिलीन ग्लायकॉल, हा पाण्याला धरून ठेवणारा लांबलचक रेणू आहे. पेल्यातल्या पाण्यात पूड टाकून ढवळली की ती विरघळून पाणी पुन्हा स्वच्छ दिसू लागते, आणि आत घडणारी गोष्टही बरीचशी अशीच आहे: रेणू पाण्याला सोडत नाही आणि स्वतः जवळजवळ शोषला जात नाही. आपल्या पाचकरसांना तो तोडता येत नाही आणि आतड्यातल्या जिवाणूंनाही तो खाता येत नाही. त्यामुळे त्यापासून वायू होत नाही, पोट फुगत नाही. जिवाणूंच्या बाबतीत पाहिले तर मॅक्रोगॉल त्यांना विष म्हणूनही मिळत नाही आणि अन्न म्हणूनही मिळत नाही. त्यांच्या भोवतालचा ऐवज तेवढा ओला होतो आणि वेगाने पुढे जातो. वस्तीत फरक पडतो तो या मार्गाने.

मग 'धुऊन जातात' ही कल्पना आली कुठून? ती पूर्णपणे हवेतून आलेली नाही. मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करण्यापूर्वी याच जातीचे औषध लिटरच्या मापात पाजून आतडे रिकामे करतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २३ निरोगी प्रौढांना असे दोन लिटर द्रावण दिले गेले. त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची संख्या एकतीस पटींनी घटली, परंतु चौदा दिवसांत वस्ती बहुतांशी पूर्ववत झाली. सगळे द्रावण एकाच वेळी पिणाऱ्यांपेक्षा दोन हप्त्यांत पिणाऱ्यांना धक्का कमी बसला. २०१८ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांना पॉलिएथिलीन ग्लायकॉल देऊन काही दिवस मुद्दाम सौम्य जुलाब लावले. तेव्हा आतड्याच्या अस्तरावरचा चिकट थर विरळ झाला आणि एक मोठे जिवाणू-कुटुंब काही उंदरांतून नाहीसे झाले. ते परत येणे आजूबाजूच्या उंदरांकडून पुन्हा मिळण्यावर अवलंबून होते. हे संशोधन महत्त्वाचे आहे आणि त्याची टिंगल करू नये, पण त्यातला प्रयोग जुलाब लावण्याचा होता हेही विसरू नये. मुलाला दिली जाणारी मात्रा वजनावर ठरते आणि तिचे लक्ष्य ब्रिस्टलचा चौथा क्रमांक हे असते, सातवा नव्हे. रोज पाण्यासारखी शी होत असेल तर मात्रा जास्त होते आहे. तिथे डॉक्टरांना विचारून ती कमी करावी. जिवाणूंची काळजी असणाऱ्या पालकांनी हीच एक गोष्ट नीट पाहिली तरी पुष्कळ झाले. सुरुवातीला साचलेला गोळा काढण्यासाठी काही दिवस मोठी मात्रा देतात, तेव्हा काही दिवस पातळ होणारच. तो टप्पा मोजक्या दिवसांचा असतो.

दुसरे औषध लॅक्ट्युलोज, जाडसर गोड सिरप. याची गोष्ट मला सर्वांत रंजक वाटते, कारण त्याचा जन्मच जिवाणूंशी जोडलेला आहे. १९५७ साली ऑस्ट्रियाचे बालरोगतज्ज्ञ पेट्युएली यांनी दाखवले की बाटलीने दूध पिणाऱ्या बाळांना लॅक्ट्युलोज दिले की त्यांच्या पोटातले बिफिडोबॅक्टेरिया अंगावर पिणाऱ्या बाळांसारखे वाढतात. आतड्याला वळण लावणारे औषध म्हणून त्याचा प्रसार नंतर झाला. गॅलॅक्टोज आणि फ्रुक्टोज यांची ही जोडी माणसाला पचत नाही, ती थेट मोठ्या आतड्यात पोहोचते आणि तिथले जिवाणू तिच्यावर तुटून पडतात. आम्ले तयार होतात, ऐवज आंबट होतो, पाणी खेचले जाते आणि हालचाल वाढते. वायूही तयार होतो, म्हणून पहिल्या काही दिवसांत पोट गुडगुडते आणि मूल पोट दुखते म्हणते. २००४ साली फ्रान्समध्ये बद्धकोष्ठतेच्या प्रौढ रुग्णांत या दोन औषधांची जिवाणूंच्या दृष्टीने तुलना झाली. लॅक्ट्युलोज घेणाऱ्यांत बिफिडोबॅक्टेरिया वाढले, मॅक्रोगॉल घेणाऱ्यांत वाढले नाहीत.

एवढे वाचून कोणीही म्हणेल की मग मुलांना लॅक्ट्युलोजच द्यावे. पण त्याच वर्षी, २००४ सालीच, नेदरलँड्समध्ये शंभर मुलांवर या दोन औषधांची आठ आठवड्यांची तुलना झाली आणि मॅक्रोगॉलने ५६ टक्के, तर लॅक्ट्युलोजने २९ टक्के मुलांना यश मिळाले. म्हणजे जिवाणूंच्या तक्त्यात सरस ठरलेले औषध मुलाच्या शौचालयात मागे पडले. माझ्या मते या संपूर्ण विषयात पालकांनी लक्षात ठेवावी अशी ही तुलना आहे. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१४ साली जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत पहिली पसंती मॅक्रोगॉलला आहे आणि ते मिळत नसेल तिथे लॅक्ट्युलोज सुचवलेले आहे. फार लहान बाळांसाठी लॅक्ट्युलोज आजही बरेच डॉक्टर लिहितात, आणि त्यात काही गैर नाही.

काही औषधे अशी आहेत की जिवाणू नसतील तर ती चालणारच नाहीत. सोनामुखी हे त्यातले आपल्या आजीच्या बटव्यातले नाव. तिच्या पानांतली आणि शेंगांतली सेनोसाइड ही द्रव्ये जशीच्या तशी फारसे काही करत नाहीत. ती मोठ्या आतड्यात पोहोचली की जिवाणू त्यांना जोडलेली साखर तोडतात आणि उरलेल्या भागाचे रूपांतर आतड्याला चेतवणाऱ्या द्रव्यात करतात. सोडियम पिकोसल्फेट या थेंबांचेही तसेच आहे. जिवाणूंच्या विकरानेच ते कामाला लागते. पूर्वीच्या दवाखान्यात डॉक्टर चिठ्ठी लिहायचे आणि कंपाउंडर बाटलीत मिश्रण घोटून द्यायचा, तशी इथे घोटण्याची जबाबदारी जिवाणूंवर आहे. अँटिबायोटिकचा कोर्स चालू असताना हे थेंब कधीकधी नेहमीइतके लागू पडत नाहीत, त्याचे कारण कंपाउंडर रजेवर गेलेला असतो. मुलांमध्ये ही चेतवणारी औषधे डॉक्टर जोडीला देतात. घरच्या घरी सोनामुखीचा काढा करून मुलाला पाजू नये.

एनिमा आणि ग्लिसरिनची बत्ती यांचा जिवाणूंशी संबंध तात्पुरता आणि मुख्यतः गुदाशयापुरता असतो. त्यांच्या बाबतीत मला चिंता वाटते ती मुलाच्या मनाची. जे मूल आधीच दुखण्याच्या भीतीने आवळून धरते आहे, त्याच्या गुदद्वाराशी वारंवार काही केले की भीती पक्की होते. विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून बाळाला लावण्याची किंवा साबणाची चीप सरकवण्याची रीत अजूनही ठाण्यापासून पनवेलपर्यंत घराघरांत आहे. साबणाने नाजूक अस्तराची आग होते, ते टाळावे. एरंडेलाचा जुलाब हाही मुलाच्या रोजच्या उपचाराचा भाग होऊ शकत नाही. त्याने एका दिवसात मुरडा येऊन सगळे बाहेर पडते आणि पुढचे चार दिवस काहीच होत नाही.

प्रोबायोटिकच्या पुड्या आणि छोट्या बाटल्या आमच्या दुकानात भरपूर विकल्या जातात, त्यामुळे पुढचे वाक्य लिहिताना मी माझ्याच गल्ल्याच्या विरोधात बोलते आहे. मुलांच्या बद्धकोष्ठतेत त्यांचा खात्रीचा उपयोग सिद्ध झालेला नाही. नेदरलँड्स आणि पोलंडमधल्या १५९ मुलांना बिफिडोबॅक्टेरियाची एक विशिष्ट जात असलेले आंबवलेले दूध देऊन पाहिले गेले आणि २०११ साली आलेल्या निकालात ते साध्या दुग्धपेयापेक्षा वरचढ ठरले नाही. २०२२ साली कॉक्रेन या, वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यातही उपलब्ध पुरावा ठाम निष्कर्षाला अपुरा ठरला. याचे कारण मलप्रक्रिया केंद्राच्या त्या टाकीतच आहे: परिस्थिती तीच ठेवून बाहेरून चार दिवस वेगळे जिवाणू ओतले तर ते वाहून जातात. घरच्या दह्याचेही असेच आहे. विरजण दुधात लागते, आतड्यात लागत नाही. दह्यातले जिवाणू पाहुणे म्हणून येतात आणि बहुतेक पुढे निघून जातात. दही मुलाला जरूर द्यावे, ते चांगले अन्न आहे. त्याला औषधाची जागा देऊ नये.

आतल्या वस्तीला टिकाऊ वळण लावायचे असेल तर तो मार्ग ताटातून जातो. दोन वर्षांवरील मुलाच्या वयात पाच मिळवले की रोज किती ग्रॅम तंतू हवेत याचा ढोबळ अंदाज मिळतो. म्हणजे पाच वर्षांच्या मुलाला सुमारे दहा ग्रॅम. ज्वारी-नाचणीची भाकरी, सालीसकट मूग, चवळीची उसळ, पेरू, पपई, भिजवलेले अंजीर यांतून ते सहज होतात. दूध-बिस्किट, मैद्याचे नूडल्स आणि पुन्हा दूध अशा दिनक्रमातून होत नाहीत. दुधाचे दोन-तीन मोठे पेले पिणाऱ्या मुलाला जेवायला भूकच उरत नाही, हे मी आयांना नेहमी सांगते. मात्र इथे एक पथ्य आहे. आत गोळा साचलेला असताना तंतूंचा भडिमार केला किंवा कमी पाण्यात इसबगोल दिले, तर गोळा आणखी मोठा होतो. आधी आतडे मोकळे करायचे आणि मग ताट बदलायचे. आणि प्रमाणापेक्षा जास्त पाणी किंवा जास्त तंतू दिल्याने बद्धकोष्ठता बरी होते असेही नाही. वयानुसार पुरेसे असले की झाले.

शौचालयातली बैठक हाही उपचाराचाच भाग आहे. जेवणानंतर मोठे आतडे आपोआप हालचाल करते, म्हणून जेवणानंतर पाच ते दहा मिनिटे मुलाला बसवावे. आमच्याकडच्या बहुतेक घरांत कमोड आहे आणि पाच वर्षांच्या मुलाचे पाय त्यावर अधांतरी लोंबतात. अधांतरी पायांनी कुंथता येत नाही. पायांखाली पाट किंवा उलटे ठेवलेले घमेले द्यावे, गुडघे कमरेपेक्षा किंचित वर यावेत. सकाळी साडेसहाला बस येत असेल तर सकाळचा हट्ट सोडून रात्रीच्या जेवणानंतरची वेळ ठरवावी.

सगळ्याच बाळांची बद्धकोष्ठता अशी साधी नसते. जन्मानंतर ४८ तासांत पहिली शी झाली नसेल, त्रास पहिल्या महिन्यातच सुरू झाला असेल, पोट सतत फुगलेले असेल, हिरवी उलटी होत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर पूड आणि सिरप यांची चर्चा बाजूला ठेवून तातडीने बालरोगतज्ज्ञांकडे जावे.

राहिला प्रश्न सवय लागण्याचा. मॅक्रोगॉलने आतडे आळशी होते असे आढळलेले नाही. औषध बंद केल्यावर त्रास परत येतो तो बहुतेक वेळा ताणलेला गुदाशय अजून मूळ आकारावर आलेला नसतो आणि मुलाची भीती गेलेली नसते म्हणून. २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हे औषध किमान दोन महिने चालवायचे असते, त्रास पूर्ण थांबून किमान एक महिना उलटल्याशिवाय कमी करायचे नसते, आणि शी सांगायला शिकत असलेल्या मुलात ते शिक्षण पुरे होईपर्यंत थांबायचे असते. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली असलेल्या मुलांपैकी सुमारे निम्मीच सहा ते बारा महिन्यांत औषधाशिवाय बरी राहतात. म्हणजे सोळा दिवस हे काहीच नव्हे. औषध एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने उतरवावे, प्रत्येक टप्प्यावर दोन-तीन आठवडे मळाचा क्रमांक पाहावा, आणि तो ३-४ वरून २ कडे सरकू लागला किंवा मूल पुन्हा टाचा उचलून उभे राहू लागले तर मात्रा आधीच्या पायरीवर न्यावी. पायरी किती ग्रॅमची ठेवायची हे डॉक्टर ठरवतील. त्या आईने खोका पिशवीत परत ठेवला आणि मुलाच्या डॉक्टरांचा दवाखाना संध्याकाळी किती वाजता उघडतो ते तिथेच उभे राहून फोनवर विचारून घेतले.